रिकामा रकाना

ह्या वर्षी सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका वाटून झाल्या, घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. पण दहावीतील एक विद्यार्थिनी दप्तर आवरण्याचे निमित्त करून मागे रेंगाळली. मी फळा पुसून होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग दाराकडे एकवार पाहून तिने हलक्या आवाजात विचारले, "बाई, आमच्या घरात देव नाहीत. आईबाबा कुठलाच धर्म पाळीत नाहीत. मला पुढे ज्या कॉलेजात जावेसे वाटते ते एका मठाच्या संस्थेचे आहे. तिथे रोज प्रार्थना असते म्हणतात. मग मी खोटे कुठे वागू? घरी की कॉलेजात?"

मी तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. "अजून पुष्कळ अवकाश आहे, आधी परीक्षेचे पाहू," अशा अर्थाचे ते होते. शिक्षकाला उत्तर सुचले नाही म्हणजे तो परीक्षेच्या आड लपतो, हे तिलाही कळले असावे. रात्री मात्र त्या प्रश्नाने मला झोप येऊ दिली नाही. कारण २००७ साली तो माझाच प्रश्न होता. आपल्या वार्षिक अंकासाठी संपादकांनी लेख मागितला तेव्हा वाटले, तिला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथेच द्यावे. न जाणो, ते आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी मूळची गोव्याची, फोंडे तालुक्यातील. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, साष्टी ह्या भागांत पोर्तुगिजांनी देवळे पाडावयास आरंभ केला तेव्हा लोकांनी आपापले देव नदीपलीकडे आणून वसविले, ते बरेचसे आमच्या ह्याच मुलखात. त्यामुळे आमच्याकडे वळणावळणाला देऊळ, तळे आणि दीपमाळ. अशा गावात आमचे एक घर असे होते की ज्याचे देवघर रिकामे होते. रिकामे म्हणजे त्यात देव नव्हते एवढेच. तेथे बाबांनी शब्दकोश, आगरकरांचे निबंध, धर्मानंद कोसंबींची पुस्तके आणि भारताच्या संविधानाची मराठी प्रत लावून ठेवली होती. बाबा सरकारी मराठी शाळेत प्राथमिक शिक्षक होते. ते देव मानीत नसत. पण जत्रेच्या रात्री देवळापुढच्या रंगमंचावर मराठी नाटक उभे राहिले की त्यांतील एक भूमिका ठरलेली त्यांची असे. पहाटे तोंडाचा रंग पुसून ते गर्भागाराकडे न वळता सरळ घरी येत. आजी म्हणे, "देवाच्या दारात रात्रभर नाचतो आणि देवाला तोंड दाखवायला मात्र लाजतो!" अंगणातली तुळस आजीची होती. तिला पाणी घालण्याच्या आड बाबा कधी आले नाहीत. असे आमचे घर होते, आणि ते सुखी होते.

२००७ च्या मे महिन्यात मी बारावी झाले. कला शाखेत, इतिहास घेऊन पदवीधर व्हावयाचे हे ठरलेलेच होते. प्रश्न उरला कॉलेजचा. जाण्याजोगी तीन होती. एक सरकारी, घराला जवळचे. दुसरे हिंदू देणगीदारांच्या विश्वस्त संस्थेने चालविलेले. तिसरे दूर, चर्चच्या संस्थेचे. माझे मन ह्या तिसऱ्यावर बसले होते. त्याचे कारण धर्माशी काडीमात्र संबंध नसलेले होते. अकरावीत असताना एका वक्तृत्व-स्पर्धेसाठी मी तेथे गेले होते. निकालाला अवकाश होता म्हणून ग्रंथालयात डोकावले, तर तेथे इतिहासाचे एक प्राध्यापक चार मुलांना भोवती घेऊन एका जुन्या नकाशावर वाद घालीत होते. आणि ती मुले त्यांना चक्क "सर, हे चूक आहे" असे म्हणत होती. मला बक्षीस मिळाले नाही, पण तो नकाशा माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही.

बाबांनी ऐकताक्षणीच नकार दिला. "चर्चचे नको आणि विश्वस्तांचेही नको. एकीकडे क्रूस, दुसरीकडे सरस्वतीपूजन. सरकारी कॉलेजात जा." असे म्हणून त्यांनी देवघरातून संविधानाची प्रत काढली व अठ्ठाविसावे कलम मोठ्याने वाचून दाखविले. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे ते कलम आहे. त्यांचा आवाज ऐकून मला एकदम दुसऱ्याच आवाजाची आठवण झाली. लहानपणी आजीचे सोवळ्याचे लुगडे चुकून माझ्या हाताला लागे तेव्हा ती अशीच घाबऱ्याघुबऱ्या ओरडे. देव न मानणाऱ्यांचेही एक सोवळे असते, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले. परंतु ते बोलून दाखविण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

मी निराळा मार्ग धरला. बाबांचेच आराध्यदैवत पुढे केले. धर्मानंद कोसंबी हे आमच्याच गोव्याचे, १८७६ साली साखवाळ येथे जन्मलेले, आमच्यासारखेच कोंकणी बोलणारे आणि मराठीत लिहिणारे. बुद्धाचा धर्म मुळातून समजावा म्हणून १८९९ साली त्यांनी घर सोडले. मी म्हटले, "बाबा, त्यांनी काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकून घेतले ना? जी विद्या हवी होती ती जिथे मिळत होती तिथे ते गेले. छत्र कोणाचे हे पाहत बसले असते तर पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविणारे धर्मानंद आपल्याला मिळाले असते का?" बाबा काही बोलले नाहीत. तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळीत बसलेली आजी मान वर न करता म्हणाली, "आरे, तूं अक्षरां खंय शिकलो? देवळांत न्हय?"

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होण्यापूर्वी मराठी शाळा भरत त्या कोणाच्या ओसरीवर, नाही तर देवळाच्या अग्रशाळेत. बाबांनी धूळपाटीवर पहिला श्रीगणेशा गिरविला तो अशाच एका अग्रशाळेत, देवाच्या नगाऱ्याच्या आवाजात. उच्च शिक्षणाचे तर नावच नको. पणजीला १८४२ पासून वैद्यकशाळा होती. पण कला वा विज्ञानाची पदवी घ्यावयाची तर गोमंतकीय मुलाला धारवाड, बेळगाव, मुंबई, पुणे ह्यांपैकी एखाद्या गावाची वाट धरावी लागे. पणजी व मडगाव येथे पहिली कॉलेजे निघाली ती १९६२ साली, आणि म्हापशाला त्याच्या पुढच्या वर्षी. ती काढली दानशूर घराण्यांनी आणि चर्चच्या संस्थांनी. देवाच्या वा दात्याच्या छपराखाली न बसता शिकलेला गोमंतकीय त्या पिढीत विरळाच. बाबांनी संविधानाची प्रत जागेवर ठेवली आणि म्हणाले, "अर्ज आण."

आता खरी कसोटी पुढेच होती. अर्जात नाव, पत्ता, जन्मतारीख ह्यांच्या खाली एक रकाना होता : धर्म. बाबांनी त्यात आडवी रेघ मारली. शेवटच्या दिवशी आम्ही दोघे अर्ज घेऊन गेलो. खिडकीपलीकडे एक वयस्क कारकूनबाई होत्या. त्यांनी चष्मा सावरून अर्ज वाचला, रेघेवर बोट ठेवले आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बाय, हांगा कितें तरी बरोवपाक जाय." बाबा म्हणाले, आम्ही प्राचार्यांना भेटतो. प्राचार्य बाहेरगावी गेले होते. एक वाजता खिडकी बंद व्हावयाची होती आणि मागे रांग खोळंबली होती. मी बाबांच्या खिशातले पेन काढले, रेघेच्या वर "हिंदू" असे लिहिले आणि अर्ज आत सरकविला. शाळेच्या दाखल्यावर तोच शब्द होता. कारकूनबाईंनी समाधानाने शिक्का मारला.

परतीच्या कदंबाच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. बोरीच्या पुलावर गाडी आली, खाली जुवारीचे पाणी दिसू लागले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तू तो शब्द लिहिलास ह्याचे मला दुःख नाही. इतक्या चटकन लिहिलास ह्याचे आहे." त्या वाक्याने झालेली जखम पुढे भरून आली, पण तिचा वण अजून आहे.

कॉलेजात रोज सकाळी ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना होई. सगळे उभे राहत. मीही राही, हात मात्र जोडीत नसे. मला वाटले होते, कोणीतरी रागे भरेल. कोणी काही म्हटले नाही. ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असे तेव्हा आम्हां इतरांना नीतिशिक्षण असे, आणि त्यात बहुधा कोणीतरी आम्हांला वादविवादच करावयास लावी. दोन-तीन महिन्यांत माझ्या मनाला एक प्रकारचा ताठा आला. आपण केवढ्या स्वतंत्र, असे वाटू लागले.

तो ताठा उतरविला माझ्या एका मैत्रिणीने. ती साष्टीतील एका पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची मुलगी. गळ्यात बारीक क्रूस घाली. एके दुपारी आंब्याखाली डबे उघडून बसलो असता मी तिला देव का नाही ह्यावर एक व्याख्यानच दिले. जगातले दुःख, भूकंप, बालमृत्यू, सगळे मुद्दे क्रमवार आले. तिने शांतपणे ऐकून घेतले, पावाचा तुकडा मोडला आणि विचारले, "हें तुजें काय तुज्या बापायचें?"

मला उत्तर देता येईना. खरोखरच ते प्रत्येक वाक्य बाबांचे होते. त्यांचे थांबे आणि त्यांचे हातवारेसुद्धा मी उचलले होते. मग तिने आपली हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ समुद्रात बुडून गेला. त्यानंतर वर्षभर ती चर्चची पायरी चढली नाही. आई रडे, शेजारी बोलत. पण ही गेली नाही. वर्षानंतर एका रविवारी आपण होऊन गेली. का गेली हे तिला नीट सांगता आले नाही. पण ऐकता ऐकता मला एक गोष्ट लख्ख दिसली. तिने आपली श्रद्धा एकदा खाली ठेवून पुन्हा उचलली होती. माझी अश्रद्धा मी एकदाही खाली ठेवून पाहिली नव्हती. वडिलोपार्जित दागिन्याप्रमाणे ती नुसती अंगावर घालून मी मिरवीत होते.

त्यानंतरची दोन वर्षे मी त्या ग्रंथालयात जे वाचले ते परीक्षेसाठी नव्हते. आगरकर पुन्हा वाचले, ह्या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी. संतांचे अभंग वाचले, बायबल वाचले, बुद्धाची चरित्रे वाचली. शेवटी मी जेथे पोचले ती जागा बाबांच्या जागेपासून फार दूर नव्हती. परंतु तेथे मी माझ्या पायांनी चालत गेले होते. फरक एवढाच पडला की बाबा जेथे "नाही" म्हणत, तेथे काही ठिकाणी मी "मला ठाऊक नाही" असे म्हणू लागले. शेवटच्या वर्षीच्या जत्रेत आजीला दिसेनासे झाले होते, म्हणून तिचा हात धरून मी तिला गर्भागारापर्यंत नेले. तिने नमस्कार केला, मी तिची काठी धरून उभी राहिले. बाबा तोंडाला रंग लावून बाहेर बसले होते. त्यांनी मला काही विचारले नाही. फक्त आजीच्या पायांतल्या वहाणा पुसून पुढे ठेवल्या.

विद्यार्थिमित्रहो, ही झाली माझी हकीकत. आता तुमच्या उपयोगाचे थोडे सांगते. आपल्या बेळगावात लिंगायत समाजाच्या धुरीणांनी, जैन दानशूरांनी, ख्रिस्ती संस्थांनी, मराठी मंडळींनी आणि सरकारने अशा अनेकांनी शिक्षणसंस्था उभारल्या आहेत. त्यांपैकी कोठेही जाताना कायदा तुमच्या पाठीशी आहे हे ध्यानात असू द्या. अठ्ठाविसाव्या कलमाचा जो भाग बाबांनी त्या दिवशी वाचला नाही तो असा की, सरकारची मान्यता वा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अठरा वर्षांच्या आतला असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घ्यावयास वा उपासनेस बसावयास भाग पाडता येत नाही. एकोणतिसावे कलम सांगते की सरकारी वा अनुदानित संस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा ह्यांच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

आणखी एक मौजेची गोष्ट पाहा. केरळातील तीन भावंडे 'यहोवाचे साक्षीदार' ह्या ख्रिस्ती पंथाची होती. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. कारण त्यांच्या श्रद्धेला ते मान्य नव्हते. शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. पुढे २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की कोणतीही सरकारी यंत्रणा नागरिकाला आपला धर्म सांगावयास वा लिहावयास भाग पाडू शकत नाही, आणि आपला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. हा निर्णय मिळविणारे कोण होते? येशूवर श्रद्धा असलेले, पण स्वतःला कोणत्याही धर्माचे म्हणवून न घेणारे लोक. मी अर्ज भरला तेव्हा हा निर्णय व्हावयाचा होता. बाबांनी मारलेल्या त्या आडव्या रेघेला पुढे आधार मिळाला तो श्रद्धावंतांनी लढविलेल्या खटल्याने. ज्यांना आपण पलीकडच्या तीरावरचे समजतो ते कित्येकदा आपल्याच वाटेवरचे काटे काढीत असतात. आणि अशा घरात वाढणारी मी एकटीच, असेही कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत ज्यांच्या नावापुढे धर्माची नोंद नाही असे सुमारे २८ लाख ६७ हजार लोक देशात होते. ते सारेच नास्तिक होते असे नव्हे. पण हा रकाना कोरा राहू शकतो, एवढे त्यावरून कळते.

मात्र पाटीवरच्या नावावरून संस्थेची परीक्षा करू नये. आगरकरांची पुण्यातील सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरी १८९२ पासून १८९५ साली मृत्यू येईपर्यंत फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. उलट रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक मुंबईच्या विल्सन कॉलेजात होते. संततिनियमनाचा उघड पुरस्कार केला म्हणून त्यांना ती नोकरी सोडावी लागली. तेव्हा प्रवेशापूर्वी एकदा त्या कॉलेजात जाऊन या. माहितीपत्रक वाचा. प्रार्थनेच्या वेळी नुसते उभे राहिले तर चालेल का, धर्मशिक्षणाच्या तासाला पर्यायी तास आहे का, हे कार्यालयात नम्रपणे विचारा. पण सर्वांत आधी ग्रंथालयात जा आणि तेथे कोणी विद्यार्थी आपल्या शिक्षकाला "सर, हे चूक आहे" असे म्हणताना ऐकू येतो का, ते पाहा.

आणि त्या दिवशी फळ्याजवळ उभी राहिलेल्या माझ्या विद्यार्थिनीला सांगावयाचे ते असे. मुली, तू खोटे वागण्याचे कारण नाही, घरी नाही आणि कॉलेजातही नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी स्वस्थ उभे राहणे म्हणजे ढोंग नव्हे. ती पाहुण्याची रीत आहे. तुला भीती वाटावयाची असेल तर ती प्रार्थनेची वाटू देऊ नकोस. तुझा नकार तुझा की तुझ्या आईबाबांचा, असे विचारणारे कोणी भेटलेच नाही, तर त्याची वाटू दे. ज्या कॉलेजात तसे कोणी भेटण्याचा संभव अधिक ते कॉलेज चांगले, मग ते मठाचे असो, चर्चचे असो की सरकारचे असो. जून महिन्यात तुझ्याही हाती एक अर्ज येईल आणि त्यात बहुधा तो रकाना असेल. मनात येईल ते लिही, आडवी रेघ मार, नाही तर कोरा ठेव. फक्त माझ्यासारखे चटकन लिहू नकोस.